सतरा एकांची संख्या

"काका, ही तर फुटते," इंजिनीअरबाई म्हणाल्या आणि त्यांनी मोबाईल त्याच्यापुढे धरला. त्याला आधी वाटलं, केबिनच्या काचेबद्दल बोलतायत. उजव्या कोपऱ्यातल्या काचेला तडा गेला होता आणि तो गेल्या पावसाळ्यापासून तक्रार करत होता. "केव्हाची सांगतोय," तो म्हणाला, "पण खाली कुणाच्या तोंडावरची माशी हलत नाही." बाई हसल्या. "काच नाही हो. ही तुमची संख्या. सतरा एकांची." जमिनीपासून बारा मजले उंचीवर लोंबकळणाऱ्या त्या केबिनमध्ये दुसऱ्या माणसाला धड उभं राहायलाही जागा नव्हती. बाई दाराला पाठ लावून, एक पाय शिडीच्या तोंडाशी ठेवून कशाबशा तोल सांभाळत होत्या. त्या कॅमेरे कुठे बसवायचे त्याची मापं घ्यायला आल्या होत्या. काही महिन्यांत गोदीतल्या सगळ्या क्रेनच्या केबिन रिकाम्या होणार होत्या. चालकांनी खाली एका थंड खोलीत बसायचं, पडद्यावर बघत बोटांनी कंटेनर उचलायचे. हे त्याला माहीत होतं, आणि एक वर्षावर निवृत्ती आलेल्या माणसाला जेवढं वाईट वाटावं तेवढं त्याचं वाईट वाटूनही झालं होतं. मापं घेता घेता बाईंना सीटच्या डावीकडच्या पोलादी पत्र्यावर खडूने लिहिलेले आकडे दिसले. "हे काय, वजनांचा हिशेब?" त्यांनी सहज विचारलं. गोदीत तीस-पस्तीस वर्षांत ज्याने हे कुणालाही सांगितलं नव्हतं, त्याने त्यांना सांगून टाकलं, की एकापुढे एक असे सतरा एक मांडले की होणारी संख्या कशाने भागली जाते का ते तो शोधतोय. का सांगितलं कोण जाणे. एवढ्या उंचावर पाहुणा म्हणून कुणी आलंच नव्हतं, म्हणूनही असेल.

बाईंनी एकेक एक मोजत टाईप केला. "सतराच ना?" असं विचारलं, आणि त्याने मान हलवेपर्यंत उत्तर आलंसुद्धा. पडद्यावर दोन आकडे होते. "दोनच भाजक आहेत," बाई वाचू लागल्या, "वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. आणि हा दुसरा चांगलाच लांबलचक आहे, पाच अब्ज..." तेवढ्यात वायरलेस खरखरला. "ए घार, झोपलास का?" वर बसून सगळ्या गोदीवर नजर ठेवतो म्हणून खालची माणसं त्याला घार म्हणत. त्याने दोन्ही दांडे पकडले. हातांनी हातांचं काम केलं. पोलादी दोर खाली सुटले, पकड कंटेनरच्या चारी कोपऱ्यांत बसली, वीस-पंचवीस टनांची पेटी जहाजाच्या पोटातून अलगद वर आली आणि एवढासाही झोका न घेता ट्रकच्या पाठीवर बसली. बाई बघत होत्या. पेटी टेकल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटलं का? मी उगाच..." "छे हो," तो म्हणाला, "वाईट कसलं? बरंच झालं की." मग त्या सांभाळून शिडी उतरून गेल्या आणि तो पत्र्याकडे न बघता काम करत राहिला. मात्र पडद्यावर दिसलेला तो दुसरा लांबलचक आकडाही त्याच्या डोक्यात जाऊन बसला होता. पाच अब्ज छत्तीस कोटी बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्न. आयुष्यभर आकडे लक्षात ठेवायची सवय लावून घेतलेल्या डोक्याला आता विसर म्हणून सांगून ते ऐकणार थोडंच होतं.

संध्याकाळी बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली आणि त्याला आपला पाय आठवला. बाराव्या वर्षी मोडलेला, मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये घातलेला, आपला असूनही परका वाटणारा पाय. ताई तेव्हा कॉलेजात गणित शिकत होती. घरात इतर सगळे त्याच्याशी दयेने बोलत. ताई एकटी चिडून बोलायची, आणि त्यामुळेच तिचं येणं त्याला आवडायचं. एकदा तिने प्लास्टरवरच पेन्सिलीने एकापुढे एक एक काढले. "अकरा कशाने भागत नाही," ती म्हणाली, "पण एकशे अकराला तीनने भाग जातो. चार एक घेतले तर अकराने जातो. पाच एक? शोध." त्याने दोन दिवस घालवून एकेचाळीस शोधून काढला. सात एकांना दोनशे एकोणचाळीस निघाला, तेव्हा ताईने त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. इतका आनंद झाला होता तिला. मग तिने सतरा एक काढले. ते मांडीपासून सुरू होऊन घोट्याशी संपले. आजोबांच्या वेळची नावं घेत तिने ते वाचूनही दाखवले. एकं, दहं, शतं करत ती कोटीवर गेली, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य आणि शेवटी मध्य. "आणखी एक एक काढला असता तर परार्ध झाला असता," ती म्हणाली, "पण पाय संपला तुझा."

पंधरा एक असते तर तीन-तीनचे गट पाडता आले असते आणि एकशे अकराने भाग गेला असता. सतराचे सारखे गट पडत नाहीत. सतराला कुठे सांधाच नाही. म्हणून वरून बघितलं तर ही संख्या न फुटणारी वाटते. ताईने एक युक्ती मात्र सांगितली होती. सतरा एकांना भागणारा मूळ आकडा असलाच, तर तो चौतिसाच्या पाढ्यातल्या कुठल्यातरी आकड्यापेक्षा एकने जास्त असणार. एकशे तीन, एकशे सदतीस, असे. बाकीच्यांना दारात उभंच करायचं नाही. "का?" त्याने विचारलं होतं. "कॉलेजात गेलास की कळेल." तो कॉलेजात गेला नाही. पुढच्याच वर्षी वडील गेले, ताईने गणित अर्धवट सोडलं आणि ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागली. चार माणसांचं घर तिने कानाला लावलेल्या त्या यंत्रावर चालवलं. लग्न केलं नाही, किंवा करायचं राहून गेलं. घरात त्यावर कधी कुणी बोललं नाही. तो मोठा झाल्यावर गोदीत लागला. पहिल्या पगाराच्या दिवशी दोघं शेजारी बसून चहा पीत होते, तेव्हा ताईने एकदम विचारलं, "ते सतरा एक कुठवर आले रे?" खरं तर तो ते केव्हाच विसरला होता. तरी तो म्हणाला, "चालू आहे." आणि दुसऱ्या दिवशी खिशात खडू घालून वर गेला.

दोन पेट्यांच्या मधे थांबावं लागतं. ट्रक येत नाही, जहाजावरचा माणूस हात वर करून ठेवतो, कस्टमवाले कुठलं तरी सील उलटंपालटं करून बघत बसतात. त्या फटींमध्ये तो भागाकार करी. एक आकडा घ्यायचा, तीन-सात-अकरा असल्या लहानांनी तो जात नाही ना ते बघायचं, आणि मग सतरा एक त्याच्यासमोर उभे करायचे. पत्रा अंगठ्याएवढ्या आकड्यांनी भरायचा, खाली कुठेतरी बाकी उरायची आणि तो बाहीने सगळं पुसून टाकायचा. दिवसाला एक आकडा, फार तर दोन, कामाची गर्दी असेल तेव्हा एकही नाही. लिहून ठेवण्यासारखं काही नव्हतं. ज्यांनी बाकी ठेवली त्यांचं काय लिहायचं? आपण कुठवर आलो तेवढं लक्षात ठेवलं की पुरे. रविवारी तो ताईकडे जाई आणि ताई दार उघडता उघडताच विचारी, "कुठवर आलास?" तो आकडा सांगे. ती मान हलवी. मग चहा, मग गुडघे, मग शेजाऱ्यांचं भांडण. दोघांना जे एकमेकांना सांगता येत नसे ते त्या आकड्यातून जाऊन पोचे, असं त्याला वाटायचं. लग्न ठरलं तेव्हा तो आधी आकडा बोलला आणि मग बातमी. मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं त्या रविवारी त्याने नुसता आकडा सांगितला आणि ताईने त्याला दुसऱ्यांदा चहा दिला. यंत्रं आली, खिशाखिशात गणित करणारे फोन आले, पण दोघांपैकी कुणी कधी कुणाला विचारलं नाही. विचारायचं नाही असं काही ठरलेलं नव्हतं. भरल्या घरात दुसऱ्याचं पत्र उघडू नये, तसं ते होतं.

ही संख्या फुटत नाही अशी खात्री करायची तर दहा कोटी चोपन्न लाखांपर्यंत जायला हवं, हे त्याला ठाऊक होतं. त्यापलीकडे भाजक असला तर त्याचा जोडीदार अलीकडे सापडलाच पाहिजे, म्हणून तिथे थांबता येतं. पण तिथवर जायला त्याच्यासारखी आणखी कितीतरी माणसं, तेवढ्याच क्रेन आणि तेवढेच खडू लागले असते. म्हणजे खात्री त्याच्या आवाक्यातली नव्हतीच. त्याच्या वाट्याला दोनच गोष्टी येऊ शकत होत्या: अचानक एक दिवस बाकी शून्य, नाहीतर मरेपर्यंत चालणं. हळूहळू त्याने मनाशी दुसरी गोष्ट धरली होती. ही फुटत नाही. कशानेच नाही. जगात एवढे फुटणारे पदार्थ आहेत, त्यात न फुटणारं एक हे आहे. बायको थट्टेने म्हणायची, "मला एकच नवरा आहे, तुम्हाला सतरा एक आहेत." ती आजारी पडली, दोन वर्षं झिजत राहिली, आणि गेली. त्या सबंध काळात तो रोज एक आकडा पुढे सरकत राहिला. तेवढ्या वेळात तरी समोर अशी एक वस्तू असे, जिचं काही बिघडत नव्हतं.

बस सिग्नलला थांबली तेव्हा त्याने मनातल्या मनात गुणाकार केला. चौतीस गुणिले साठ हजार नऊशे तेहेतीस. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे बावीस. अधिक एक. तो आकडा रांगेतच होता. त्याच्याच रांगेत, त्याच्याच पायवाटेवर, कुठे आडबाजूला नाही. तो चौदा लाखांवर आला होता. ह्याच चालीने गेला असता तर आणखी वीसेक वर्षांनी एखाद्या सकाळी त्याने त्या आकड्याला इतरांसारखंच दारात उभं केलं असतं, खाली खाली भाग लावत गेला असता आणि शेवटी काहीच उरलं नसतं. म्हणजे इतकी वर्षं तो एका न फुटणाऱ्या वस्तूला टकरा देत नव्हता. आत तडा असलेल्या एका वस्तूकडे सावकाश चालत होता. बाईंच्या बोटाने पुढे जाऊन तो तडा दाखवला, एवढंच. ह्यात रडण्यासारखं काय आहे, त्याने स्वतःला विचारलं. शेजारच्या माणसाने त्याच्याकडे बघितलं आणि सौजन्याने खिडकीची काच थोडी उघडली.

शुक्रवारी वर चढला तेव्हा पत्र्यावर अर्धा भागाकार तसाच होता. चौदा लाख दोनशे सत्तावन्न. दारात बोलावून उभा करून ठेवलेला माणूस दिसावा तसा तो आकडा दिसला. पुरा करावा? बाकी उरणार हे आता आधीच माहीत होतं. मधल्या सगळ्यांचीच बाकी उरणार होती. पुसावा? हात उचलेना. की सरळ उडी मारावी, वीस लाख एकाहत्तर हजारवाल्याला बोलवावं आणि एकदाचं बघून घ्यावं? खडू त्याने दोनदा हातात घेतला. पण तो भागाकार केला असता तर ती गोष्ट त्याच्या हातून घडली असती, आणि अजून तरी ती फोनने केली होती. फोन चुकतातही. बाईंनी सोळाच एक टाईप केले असतील, अठरा केले असतील. अशी लबाडी त्याने स्वतःशी पूर्वी कधी केली नव्हती. शनिवारीही तसंच झालं. दोन पेट्यांच्या मधल्या फटी पहिल्यांदाच रिकाम्या राहिल्या आणि त्या किती मोठ्या आहेत ते कळलं. खाली पाणी हलत होतं. तेल पसरलेल्या पाण्यावर रंग पसरत होते, मिटत होते. तो बघत बसला आणि ताईचा विचार करत राहिला. सांगितलं तर उद्यापासून ती दार उघडताना काय विचारणार? तिचे गुडघे गेले होते, हात कापायचा, एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी एकेक करून संपल्या होत्या. आठवड्यातून एकदा येणारा तो आकडा सोडला तर बाहेरून तिच्याकडे येणारं असं काय होतं? न सांगणं सोपं होतं. पुढचा आकडा सांगायचा, मग त्याच्या पुढचा. वर्षभर, दोन वर्षं. तिच्या तब्येतीकडे बघता, असा विचार मनात आला आणि त्याची त्याला शरम वाटली.

ताईची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून होती. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीला लावलेलं टेबल आणि भिंतीवर कुणा औषधवाल्याने दिलेलं कॅलेंडर. तिने दार उघडलं. "कुठवर आलास?" "चौदा लाख दोनशे एक्याण्णव," तो म्हणाला. ताईने मान हलवली, आत वळली, टेबलाला धरून थांबली आणि पाठमोरीच म्हणाली, "बाकी किती उरली?" इतक्या वर्षांत हा प्रश्न तिने विचारला नव्हता. तो गप्प. आयुष्यभर अनोळखी माणसांचे आवाज ऐकून ते कुठून बोलतात, का बोलतात हे ओळखणाऱ्या बाईशी आपण खोटं बोलायला गेलो, हे त्याच्या लक्षात आलं. "भागाकार केलास का तू ह्याचा?" "नाही." "मग?" ती खुर्चीत बसली. "बस. काय झालंय? बरं नाही का? नोकरीचं काही?" "ताई," तो म्हणाला, "ती फुटते."

सांगताना तो जमिनीकडे बघत होता. इंजिनीअरबाई, फोन, दोन आकडे, रांगेत असणं, सगळं त्याने एका दमात सांगितलं. एखाद्याच्या मरणाची बातमी सांगावी तसं, मधे न थांबता. बोलणं संपल्यावर काही ऐकू येईना म्हणून त्याने वर बघितलं. ताई हसत होती. तोंडावर हात धरून, खांदे हलवत. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. "फुटली?" ती म्हणाली, "अरे, फुटली? खरंच?" तिने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. "सुटलास की रे! सुटलास बाबा." तो म्हणाला, "तुला वाईट नाही वाटलं?" "मला?" ताईने पदराने डोळे पुसले. "मी तुला हे दिलं तेव्हा मला काय माहीत होतं? वाटलं, प्लास्टर आहे तोवर पोराचा वेळ जाईल. नंतर एकदा तू म्हणालास पन्नास हजारांवर आलो, तेव्हा मी घाबरले. म्हटलं, हा थांबणार नाही. लहानपणी गंमत म्हणून गळ्यात धोंडा बांधला आणि हा तो घेऊन पोहतोय. दर रविवारी ठरवायची, आज सांगायचं, पुरे कर म्हणून. आणि दर रविवारी तू जिना चढलास की तोंडातून तेच निघायचं." "का?" "मग काय विचारणार होते मी तुला?" ती म्हणाली आणि एकाएकी गंभीर झाली. "आणि दुसरं सांगू? न फुटणारी असती ना, तर मला आवडलंच नसतं ते. एवढी मोठी संख्या, आणि आत कुणी नाही. नुसतं एकाला एक चिकटून रांगेत उभे. एक्स्चेंजमध्ये आम्ही बसायचो तशी."

मग ती उठली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटलेलं पान फाडून टेबलावर पालथं घातलं. "सांग आकडे. मला करून बघू दे." "ताई, हात कापतोय तुझा. मी करतो." "तू गप. सांग." त्याने सांगितले. वर लांबलचक आकडा, खाली वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. कापऱ्या हाताने ती एकेक ओळ उतरवू लागली. तिनाची ओळ, दोनाची, साताची. ओठ हलत होते, मधूनच ती हात झटकत होती. तो बाजूला उभा राहून बघत होता. कॉलेजातली ताई अशीच ओठ हलवत गणित करायची, हे तो विसरून गेला होता. तिच्या मानेवरच्या शिरा ताणलेल्या होत्या आणि चेहऱ्यावर कशाची तरी भूक होती. हिला हे किती आवडत होतं, त्याच्या मनात आलं. आपण रोज करत राहिलो, आणि हिच्या वाट्याला आला रविवारचा नुसता एक आकडा, स्वयंपाक चाललेल्या घरातून बाहेर वास यावा तसा. सात ओळी झाल्या, त्यातली एक नुसती शून्यांची. तिने खाली रेघ ओढली आणि उजवीकडून बेरीज सुरू केली. "एक," ती म्हणाली. "सात आणि चार अकरा. एक. शून्य, एक, नऊ, आणि हातचा... अकरा. एक!" तिचा आवाज चढला. चौथ्या घरापाशी ती थांबली. "सात, सात चौदा, नऊ तेवीस, सात तीस." तिने पेन्सिल उचलली. "शून्य येतंय रे इथे."

ताईचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे फोन चुकला?" ती म्हणाली. "फुटत नाही?" त्याच्या छातीत काहीतरी उसळून वर आलं, इतक्या जोरात की त्याने खुर्चीची पाठ पकडली. फुटत नाही. सोमवारी वर चढायचं, चौदा लाख दोनशे सत्तावन्न पुरा करायचा, बाही झटकायची. रविवारी दार उघडणार, प्रश्न येणार, उत्तर असणार. सगळं होतं तिथेच होतं, एक रेघसुद्धा हलली नव्हती. आणि ज्या क्षणी हे वाटलं त्याच क्षणी त्याला चूक दिसली होती. खरं म्हणजे आधी चूक दिसली होती, आनंद नंतर झाला होता; त्याने क्रम उलटा केला होता. आता काहीच करायचं नव्हतं. ताईची नजर आता बारीक राहिली नव्हती, ती पुन्हा तपासणार नव्हती. पान चुरगळून टाकलं की झालं. तिने पेन्सिल खाली ठेवली होती आणि ती एका हाताने दुसरा हात दाबून धरून बसली होती, म्हातारी, शाळेत नापास झालेल्या मुलीसारखी. तो वाकला. "हातचा विसरलीस," तो म्हणाला. "मागच्या घरातला एक." त्याला स्वतःचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला. "तीस आणि एक एकतीस. एक मांड, हातचे तीन."

ताईने शून्य खोडलं. तिथे एक मांडला. नुसती डावीकडे सरकत गेली आणि प्रत्येक घरात, काहीही बेरीज आली तरी, शेवटी एकच उतरत होता. सतराव्या घराशी पानाची कड आली. खालच्या ओळीत सतरा वाकडेतिकडे एक उभे होते. दोघांनी ते आपापल्या मनात मोजले. त्याला वाटलं होतं, ह्या वेळी आपल्याला काहीतरी तुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. फक्त दमल्यासारखं वाटलं, दिवसभर पेट्या उचलून शिडी उतरल्यावर पाय जमिनीला लागतात तसं. तो पलंगावर बसला. बाहेर जिन्यात कुणीतरी सामान वर नेत होतं, थांबत होतं, पुन्हा नेत होतं. ताईने चहा केला. दोघांनी तो प्याला. गुडघ्यांविषयी ती काही बोलली नाही. शेजाऱ्यांविषयीही नाही. कप खाली ठेवून तिने त्याच्याकडे नीट बघितलं, बऱ्याच दिवसांनी बघावं तसं.

"तुझी बायको जाऊन दोन वर्षं होतील," ताई म्हणाली. "तू कसा राहतोस रे तिथे एकटा? मी कधी विचारलंच नाही तुला."

"बरा आहे," तो म्हणाला. ताई थांबली. टेलिफोनवर समोरचा माणूस बोलेपर्यंत थांबायची तिला सवय होती. तो कपाच्या कानाशी चाळा करत राहिला. सांगायला आकडा नव्हता. मग तो म्हणाला, "वरून आमची गच्ची दिसते."

"क्रेनमधून?"

"हो. लांब आहे, पण दिसते. ती कपडे वाळत घालायची ना सकाळी, तर नुसते रंग दिसायचे. ठिपके. त्यावरून मला कळायचं, आज उठलीय की नाही. पुढे पुढे आजारात तिला गच्चीवर जाववायचं नाही, तरी एखादं काहीतरी जाऊन टाकून यायची. तिने मला कधी सांगितलं नाही आणि मीही तिला कधी बोललो नाही. पण मला कळावं म्हणून टाकायची." तो थांबला. "तिची एक पिवळी चादर आहे. रोज कामाला निघताना मी ती दोरीवर टाकून जातो. धुतलेली असो नसो. वर गेलो की आधी बघतो, आहे का. असते."

"वारा असला तर?"

"चार चिमटे लावतो." तो हसल्यासारखा झाला आणि ते हसणं त्याला पुरं करता आलं नाही. "आता केबिन काढणार आहेत, ताई. खाली खोलीत बसवणार आहेत आम्हाला. तिथून काही दिसत नाही. पडदेच आहेत सगळे, आणि त्यात नुसत्या पेट्या."

ताई उठली. टेबलाला धरत, मग पलंगाच्या कडेला धरत ती त्याच्याजवळ आली आणि बसली. तिचा कापरा हात त्याच्या पाठीवर पडला आणि तिथेच कापत राहिला. आतापर्यंत कोंडून ठेवलेलं त्याचं रडू लहान मुलासारखं, मोठ्या आवाजात बाहेर आलं. जिन्यातली सामान नेणारी माणसं क्षणभर थांबली असावीत. तिने त्याला थांबवलं नाही. बराच वेळ गेल्यावर तिने विचारलं, "पिवळी म्हणजे कशी रे? हळदीसारखी, की फिकी?"

त्याने नाक पुसलं आणि विचार केला. "नवी होती तेव्हा चांगली गडद होती," तो म्हणाला. "आम्ही दोघांनी मिळून आणली होती. दुकानदार निळी घ्या म्हणत होता, ती ऐकेचना..." आणि तो सांगत गेला. दुकान कुठलं, ऊन कसं होतं, येताना बस चुकली आणि दोघं कसे चालत आले, तिच्या चपलेचा अंगठा कसा तुटला. खिडकीतला उजेड टेबलावरून उतरून फरशीवर आला, तरी तो सांगतच होता, आणि ताई मधे मधे "मग?" म्हणत होती.